केस क्रमांक सात, पुरुष

माझे नाव, वडिलांचे नाव आणि राहण्याचा पत्ता वरच्या रकान्यांत हवालदारांनी लिहिला आहे, तो मी तपासला. खोली क्रमांक चुकला होता, तो माझ्यासमोर दुरुस्त करून घेतला. वय बावीस वर्षे. शिक्षण नववीपर्यंत शाळेत, दहावी बाहेरून. धंदा: रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रुग्णांच्या जेवणाचे ट्रे लावणे, तसेच त्याच रुग्णालयाच्या आहार सहाय्यक प्रशिक्षण वर्गाचा विद्यार्थी.

पोलिसांनी बोलावल्यावरून मी आज सकाळी पोलीस ठाण्यात स्वतः हजर झालो असून, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे म्हणून हा जबाब माझ्या हाताने लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर वडिलांसोबत राहतो. वडील स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करतात. आई हयात नाही. मोठी बहीण लग्न होऊन परगावी असते. सुरुवातीला जबाब हवालदार लिहीत होते. मी मध्येमध्ये "साहेब, असं नाही म्हणालो मी" असे म्हणत राहिलो, तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाबा रे, तूच लिही. माझा हात मोडेल पण तुझं समाधान व्हायचं नाही." म्हणून अक्षर माझे आहे.

माझ्याविरुद्ध विभागप्रमुख मॅडमनी अशी तक्रार दिली आहे की, मी प्रशिक्षण विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात गोंधळ घालून प्रोजेक्टर फोडला, त्यांना धमकावले आणि विभागाचा पेन ड्राइव्ह चोरून नेला. यातले किती खरे आणि किती खोटे ते खाली लिहितो.

आमच्या वर्गात नऊ जण आहेत. आठ महिला आणि मी. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आताच लिहिली.

खऱ्या रुग्णासमोर बसण्याआधी एकमेकांवर सराव करायचा अशी आमच्याकडे पद्धत आहे. एकाने खुर्चीवर रुग्ण म्हणून बसायचे, दुसऱ्याने आहारतज्ज्ञ म्हणून समोर बसायचे. उंची आणि वजन घ्यायचे, दंडावरची चरबी चिमट्याने मोजायची, आणि कालपासून तोंडात काय काय गेले ते विचारून घ्यायचे. हा शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो. वजनाबद्दल खोटे बोलता येत नाही, कारण काटा समोर असतो. खाण्याबद्दल मात्र जवळजवळ सगळेच खोटे बोलतात. म्हणून आम्हाला शिकवतात की समोरच्याला लाज वाटेल असा चेहरा करू नका, "अगं बाई" म्हणू नका, घाई करू नका. थांबा. थांबले की माणूस बोलतो.

पहिल्याच तासाला मॅडमनी सर्वांना उभे करून म्हणवून घेतले होते की, रुग्ण जे सांगेल ते या खोलीबाहेर जाणार नाही. मीही म्हटले. माझा आवाज सगळ्यांचे म्हणून झाल्यावर आला, त्यामुळे वर्ग हसला होता. म्हणून ते वाक्य मला पक्के आठवते.

माझी जोडी वर्गातल्या सर्वांत वयस्कर विद्यार्थिनीशी लागली. तिला आम्ही मावशी म्हणतो. माझ्या दंडाला चिमटा लावायचा म्हणून बाकीच्या कुरकुरत होत्या. मावशी म्हणाली, "आणा इकडे त्याला. दोन पोरांना अंघोळी घालून मोठं केलंय मी, याच्या एका दंडाचं काय घेऊन बसलात!"

सराव कोरड्या सामानाच्या खोलीत, मध्ये पडदा लावून झाला. मावशीने विचारले, मी काहीतरी ठोकून दिले. तिने ते लिहिले नाही. पेन मांडीवर ठेवून ती म्हणाली, "हे तू पाहुण्यांना सांगतात तसं सांगितलंस. आता मला सांग." आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. मग मी सांगितले. त्याला बराच वेळ लागला. ते माझ्या खाण्याबद्दल आणि माझ्या शरीराबद्दल होते. त्याआधी मी ते कोणालाही सांगितले नव्हते, वडिलांना नाही आणि बहिणीलाही नाही. काय सांगितले ते येथे लिहीत नाही.

सरावानंतर आहारतज्ज्ञ म्हणून बसलेल्याने अहवाल लिहून द्यायचा असतो. त्यात नाव नसते, क्रमांक असतो. माझा क्रमांक सात. अहवाल देण्यापूर्वी मावशीने मला बाजूला घेऊन विचारले होते, "हे घालू का गाळू? गाळलं तर मला गुण कमी, घातलं तर तुझ्या जिवाला घोर." मी म्हणालो, घाल. अहवाल फक्त मॅडम वाचतील अशी आम्हा दोघांची समजूत होती, कारण मॅडमनी तसेच सांगितले होते. मावशीबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि तिला या प्रकरणात ओढू नये.

कार्यक्रम गेल्या शनिवारी सकाळी रुग्णालयाच्या सभागृहात झाला. डॉक्टर, परिचारिका, पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणारी मुले आणि आमच्या घरची माणसे आली होती. वडिलांना मीच आग्रह करून नेले. ते म्हणत होते, "मला काय कळतंय तुमच्या त्या आहारातलं? मी आपला दुकान उघडतो." तरी त्यांनी नखांतले काळे घासून काढले आणि इस्त्रीचा शर्ट घातला. नीट दिसावे म्हणून मी त्यांना तिसऱ्या रांगेत, मधोमध बसवले.

आम्ही नऊ जण व्यासपीठाच्या खाली एका बाजूला पांढरे एप्रन घालून ओळीने उभे होतो. मॅडम भाषणात म्हणाल्या की आमचे विद्यार्थी किती बारकाईने काम करतात याचा एक नमुना दाखवते. नमुना म्हणून त्यांनी मावशीचा अहवाल निवडला होता, कारण तोच सर्वांत चांगला होता. पडद्यावर सर्वांत वर लिहिलेले होते: केस क्रमांक सात, पुरुष, वय बावीस, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरी. नावाच्या जागेवर काळी पट्टी होती.

सभागृहाने आधी पडदा वाचला, मग आमची ओळ पाहिली.

मागे कोणीतरी हसले. फार मोठ्याने नाही. प्रवेशासाठी आलेल्या मुलांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, तो बघ. तोच तो." मॅडम अहवाल वाचून दाखवत नव्हत्या, तो कसा लिहावा ते समजावत होत्या. पडदा लोक आपापला वाचत होते. मावशी ओळीतूनच म्हणाली, "मॅडम, पुढचं दाखवा." मॅडम म्हणाल्या, "अगं, थांब जरा. लोकांना वाचू तर दे."

वडिलांना वाचायला वेळ लागतो. ते ओठ हलवून वाचतात. मी ज्याबद्दल वर लिहिले आहे तो भाग पडद्याच्या मधल्या ओळींत होता आणि वडील अजून वरच्या ओळींवर होते, असे मला त्यांच्या ओठांवरून वाटले. खात्रीने सांगता येत नाही.

मी ओळ सोडून प्रोजेक्टरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. मी आडवा आलो की मजकूर दिसणार नाही अशी माझी समजूत होती. परंतु एप्रन पांढरा असल्यामुळे मजकूर माझ्या अंगावर उमटला आणि पुढच्या रांगेला तो तसाही वाचता येत होता. कडेला बसलेल्या एक डॉक्टरबाई मान तिरकी करून वाचत होत्या. म्हणून मी वायर ओढली.

वायर मी जाणूनबुजून ओढली. पाय अडकला, तोल गेला, असे काहीही झालेले नाही. तसे लिहिले तर तुलाच सोपे जाईल, असे हवालदारांनी मला समजावले. ते माझ्या भल्यासाठी सांगत आहेत हे मला समजते. परंतु तसे झालेले नाही. प्रोजेक्टर टेबलाच्या कडेला ठेवलेला होता, तो वायरीबरोबर खाली आला आणि त्याची काच फुटली. काच फोडण्याचा माझा हेतू नव्हता, तिची भरपाई माझ्या पगारातून कापून घ्यावी. पडदा बंद करण्याचा हेतू होता, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी आधी प्रोजेक्टर एका हाताने धरीन आणि मग वायर ओढीन.

मॅडमना धमकावले हे खोटे आहे. आमच्यात झालेले बोलणे असे होते. मॅडम म्हणाल्या, "काय चाललंय हे? वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो, "मॅडम, ते माझं आहे." त्या म्हणाल्या, "नाव कुठे आहे त्यात तुझं?" मी म्हणालो, "मॅडम, ओळीत पुरुष किती उभे आहेत ते मोजा." यावर पुन्हा काही लोक हसले, पण ते हसणे निराळे होते. माझा आवाज मोठा होता हे खरे आहे. तो एवढा मोठा होऊ शकतो हे मलाही त्याच दिवशी समजले.

त्यानंतर लॅपटॉपला लावलेला पेन ड्राइव्ह मी काढून खिशात घातला. सर्वांच्या समोर घातला. त्यावर एक ते नऊ अशा सर्व केस आहेत. इतर आठ जणींचे त्यात काय आहे ते मला माहीत नाही. मी तो कोठेही लावलेला नाही आणि उघडून पाहिलेला नाही.

वडिलांनी किती वाचले ते मी घरी जाताना विचारले नाही. पूर्वी जेवताना ते बातम्या ऐकत बसत आणि मी काय खातो याकडे त्यांचे लक्ष नसे. शनिवारपासून ते बातम्या लावत नाहीत. माझ्या ताटाकडे बघतात. मी वर बघितले की पाण्याचा तांब्या सरकवतात.

सोमवारी मॅडमनी मला त्यांच्या कार्यालयात बोलावले. दार त्यांनी स्वतः उठून लावले. त्या रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बस. हे बघ, दहावी बाहेरून केलेल्या मुलाला या वर्गात कोण घेत होतं? मी घेतलं ना?" हे खरे आहे. त्यांनीच घेतले. स्वयंपाकघरातल्या मुलाला शिकवून काय होणार असे वरचे लोक म्हणत असताना त्यांनी माझ्यासाठी भांडण केले होते, हेही खरे आहे आणि ते या जबाबात असावे.

मग त्यांनी एक कागद पुढे ठेवला. माझा अहवाल शिकवण्यासाठी आणि प्रसिद्धीसाठी वापरायला माझी संमती आहे, असा त्यात मजकूर होता. तारीख कार्यक्रमाच्या आधीची होती. मी विचारले, "मॅडम, तारीख मागची कशी?"

"अरे, औपचारिकता असते ती. सही कर, विषय संपला. प्रोजेक्टरचंही मी बघते."

"पण त्या तारखेला मला कुणी विचारलंच नव्हतं."

"आता विचारतेय ना? आणि एवढं काय आहे त्यात? तुझ्या केसवरून पुढची कितीतरी मुलं शिकतील."

"मॅडम, रुग्णाचं बाहेर सांगायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"तू रुग्ण नाहीस. तू विद्यार्थी आहेस. तो नियम रुग्णांसाठी असतो."

"मग त्या खुर्चीवर मला कोण म्हणून बसवलं होतं?"

"तो सराव होता रे."

"मावशीचा सराव होता, मॅडम. मी खरं सांगितलं होतं."

यावर मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटले त्या थांबल्या आहेत, म्हणजे शिकवतात तसे, म्हणून मीही थांबलो. नंतर त्या म्हणाल्या की सही केली नाही तर वॉर्डमधले माझे प्रशिक्षण थांबेल आणि वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही. मी म्हणालो, "ठीक आहे." त्या म्हणाल्या, "ठीक आहे म्हणजे काय?" मी म्हणालो, "म्हणजे सही करत नाही." जिना उतरताना मी दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो होतो, परंतु सही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी ही तक्रार दाखल झाली.

तसेच कागद वर्गातल्या इतरांनाही दिले आहेत. काहींनी सह्या केल्या. त्यांना घरसंसार आहे, मी त्यांना नावे ठेवत नाही. एका विद्यार्थिनीने, जिचे टोपणनावही मी येथे लिहीत नाही, मला सांगितले, "माझ्यापुढे ठेवला कागद, तर मी म्हटलं चष्मा घरी राहिला. उद्याही राहणार आहे. परवाही राहणार आहे."

आज ठाण्यात वडील माझ्यासोबत आले आहेत. आल्याबरोबर ते हवालदारांना म्हणाले, "साहेब, पोरगं गरीब आहे हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सांगतो त्याला, करेल तो सही." आणि मला म्हणाले, "एक सही तर आहे. दोन वर्षं त्या ट्रेंच्या वाफेत उभा राहिलास कशासाठी मग?" मॅडम आणि विभागाचे लेखनिक बाहेर बाकावर बसले आहेत. तो कागद मॅडमनी सोबत आणला आहे.

हवालदारांनी विचारले, "पडद्यावर होतं तरी काय एवढं? अख्ख्या सभागृहाने बघितलं, मग आम्हीच काय घोडं मारलंय?" मी म्हणालो, "साहेब, ज्यांनी बघितलं त्यांना मी दाखवलेलं नाही. तुम्हाला सांगितलं तर ते मी सांगितल्यासारखं होईल." ते म्हणाले, "अरे, पण ते समजल्याशिवाय तू वायर का ओढलीस ते कसं समजणार?" मी म्हणालो, "ते माझं होतं, म्हणून ओढली. भाजीची यादी असती तरी ओढली असती." हे मी आता लिहिताना तपासले. भाजीची यादी असती तर कदाचित ओढली नसती. परंतु हक्क तेवढाच असता.

मग हवालदार वडिलांकडे वळून म्हणाले, "काका, तुम्ही तर तिसऱ्या रांगेत होतात. तुम्ही वाचलं असेल. सांगा बघू काय होतं."

वडील म्हणाले, "साहेब, मला वाचता येत नाही."

हे त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले आहे. वर मी त्यांच्या ओठांबद्दल जे लिहिले ते माझे पाहणे आहे, हे त्यांचे सांगणे आहे. दोन्ही आहेत तसेच ठेवावे.

पेन ड्राइव्ह मी ठाण्यात जमा करण्यास तयार आहे. हवालदार म्हणाले की जप्ती करायची तर पंचांसमक्ष उघडून आत काय आहे ते पाहावे लागेल. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि शेजारचा झेरॉक्सवाला बोलावण्याचे चालले होते. मी हरकत घेतली. "आत काय आहे ते न बघता मी लिहू तरी काय?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "पेन ड्राइव्ह, एक, निळा, असं लिहा." तो पाकिटात घालून पाकिटावर लाखेचे सील करावे, न्यायालयाने सांगितल्याशिवाय उघडू नये, तो विभागाला परत देऊ नये, आणि उघडायचाच झाला तर आधी आम्हा नऊ जणांना एकेकटे विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

"म्हणजे तू आम्हाला अटी घालतोयस?"

"हो, साहेब."

"आणि थरथरतोयस."

"हो, साहेब."

त्यांनी लाख मागवली.

माझीही तक्रार आहे आणि ती नोंदवून घ्यावी. सरावात रुग्ण म्हणून बसून मी विश्वासाने सांगितलेली माझ्या शरीराची आणि खाण्याची माहिती मला न विचारता लोकांसमोर मांडली, आणि नंतर मागच्या तारखेची सही मागितली. नाव झाकले म्हणजे माणूस झाकला जात नाही. हे कोणत्या कलमात बसते ते मला माहीत नाही, ते शोधण्याचे काम माझे नाही. नोंद घेता येत नसेल तर तसे मला लेखी द्यावे. तोपर्यंत मी येथे बसून राहीन. आज माझी दुपारची पाळी नाही.

या जबाबाच्या छापील कागदावर "घटनेच्या वेळी दाखवलेला मजकूर" यासाठी जागा सोडलेली आहे. ती मी कोरी ठेवलेली नाही. नंतर कोणी तेथे काही लिहू नये म्हणून तिच्यावर तिरपी रेघ मारून रेघेच्या दोन्ही टोकांना माझी आद्याक्षरे घातली आहेत.

जबाब पुरा झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, असे हवालदारांनी सांगितले. या खोलीच्या दाराला कडी नाही आणि दार आपोआप उघडते. बाहेरच्या बाकावर आतले सर्व ऐकू जाते. मी ही अडचण सांगितली. तेव्हा वडील उठले, कोणाला काही न बोलता बाहेर गेले आणि दार ओढून घेऊन बाहेरून मूठ धरून उभे राहिले. मॅडमचा आवाज आला, "अहो, जरा बाजूला होता का? मला आत जायचंय." वडील म्हणाले, "त्याचं चाललंय अजून. बसा तुम्ही."

दार बंद असताना हवालदारांनी संपूर्ण जबाब वाचून दाखवला. मी ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यात काही जास्त नाही, आणि जे कमी आहे ते मीच कमी ठेवले आहे. खाली सही करतो. ही सही या जबाबापुरतीच आहे, दुसऱ्या कोणत्याही कागदासाठी ती धरू नये.